भरमाप्पाची सुभेदारी

विक्रम अष्टेकरला कुणाच्या दारात उभं राहून काही मागणं कधी जमलं नाही. लहानपणी आई त्याला शेजाऱ्यांनी नेलेला विळा परत आणायला पाठवायची. तो जायचा, त्यांच्या कुडापाशी थोडा वेळ उभा राहायचा आणि ‘घरात कोण न्हाय’ म्हणून रिकाम्या हाताने परत यायचा. घरात माणसं असायची. त्यांचं बोलणं आईला अंगणात ऐकू यायचं. ती मग धाकट्या बहिणीला पाठवायची आणि विळा यायचा. या सगळ्यातून विक्रम एकच गोष्ट शिकला आणि ती चुकीची शिकला. काय करायचं ते आपण ठरवावं, दारात दुसऱ्याला पाठवावं.

आता त्याने चाळिशी ओलांडली आहे. मळेकोप हे त्याचं गाव बेळगावहून जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्याला डाव्या हाताला आत आहे. गावातली निम्मी माणसं सकाळी शेतावर आणि दुपारी उद्यमबागेतल्या कारखान्यांत असतात. विक्रमही उद्यमबागेतच आहे. संगणकावर चालणाऱ्या मशीनसाठी तो प्रोग्रॅम लिहितो. त्याने लिहिलेल्या आकड्यांप्रमाणे लोखंड कापलं जातं. कापताना उडणारा चुरा मशीनवर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर उडतो. विक्रमचा शर्ट संध्याकाळी सकाळइतकाच स्वच्छ असतो.

खेळाचा नाद लग्नाआधीचा. खडेबाजारातल्या एका दुकानातून त्याने एकदा सीडी आणली होती. मध्ययुगातली राज्यं, किल्ले, फौजा असा परदेशी खेळ. एक चाल आपण करायची, मग बाकीची राज्यं आपापल्या चाली करतात, आणि काळ पुढे सरकतो. लढायांत विक्रमला रस नव्हता. त्याला कारभार आवडायचा. प्रत्येक शहरावर एक सुभेदार नेमायचा आणि त्या शहराचा कर ठरवायचा: हलका, साधारण, जड किंवा फार जड. पुढचं खेळ बघतो.

खेळ जे बघतो त्यातच विक्रमचा जीव अडकला होता. जड कराच्या शहरात एखाद्या सुभेदाराला बसवून ठेवलं की काही चालींनंतर त्याच्या नावाखाली एक बिरुद येतं. आधी ‘कडक’. मग ‘दगडाच्या काळजाचा’. हलक्या कराच्या शहरातला सुभेदार ‘दिलदार’ होतो आणि रयत त्याच्यावर खूश असते. खजिना भरून नुसता पडून राहिला, तर जड करातल्या सुभेदाराचे हात ओले व्हायला लागतात, तो त्यातलं खायला लागतो. नेमताना माणूस सरळ होता की वाकडा, याला फारसा अर्थ उरत नाही. त्याला कर घडवतो. कर ठरवणारा मात्र नकाशाच्या बाहेर असतो. त्याला कसलंच बिरुद लागत नाही.

विक्रमला हे इतकं पाठ झालं होतं की कोणता माणूस कुठे ठेवला तर किती दिवसांत बिघडेल, हे तो आधी सांगायचा. एखाद्या शहरातून पैसा उपसायचा असेल तर तिथे तो असा सुभेदार पाठवायचा, जो वाया गेला तरी चालेल.

गेल्या पावसाळ्यात त्याने हा खेळ मराठीत आणला. गावच्या तरुण मंडळाच्या खोलीत मोठा टीव्ही होता, त्याला त्याने आपला जुना संगणक जोडून दिला. शहरांची नावं बदलून बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर अशी घातली. सुभेदारांची परदेशी नावं पोरांना उच्चारता येईनात, म्हणून ती काढून गल्लीतल्या माणसांची घातली. बिरुदंही त्यानेच मराठीत केली. हात ओले झालेल्या सुभेदाराच्या शेवटच्या पायरीला त्याने ‘तिजोरीखाऊ’ असा शब्द काढला. तो सुचला तेव्हा तो खोलीत एकटाच हसला होता.

मंडळात या खेळाने धमाल उडवली. वायरमनचं काम करणारा सूरज कामावरून आला की टीव्हीपुढे बसायचा आणि गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडायचा.

“आरं, जोतिबाशेट निपाणीला दिलदार झाला बघा!”

“कोण, आपला जोतिबा? दोन रुपयाचं चॉकलेट उधार देत न्हाय त्यो!”

“निपाणीची हवा लागली आसंल.”

जोतिबाचं किराणा दुकान गावात चिकटपणासाठी प्रसिद्ध होतं. पण ‘काय दिलदार’ म्हणून गिऱ्हाईक हाक मारू लागल्यावर तो खरोखर काही दिवस तराजूत दोन दाणे जास्त टाकत होता. याचं विक्रमला मोठं कौतुक वाटलं. आपण केलेल्या खेळाने माणूस सुधारतो, असं त्याने रचनाला घरी सांगितलंही.

“सुधारतो तर बिघडतही असेल,” रचना म्हणाली. ती बेळगावातल्या एका शाळेत शिकवते आणि वह्या तपासतानाच बोलते. “तुम्ही दोन्हीची जबाबदारी घेणार की फक्त पहिल्याची?”

विक्रमने ते हसण्यावारी नेलं.

बेळगाव शहरावर खेळाने सुभेदार बसवला होता भरमू. आपण नेमलं नाही तर नावांच्या यादीतून खेळ स्वतःच नाव उचलतो, त्यात विक्रमचा हात नव्हता. बेळगावला मजबूत कोट होता, आत फौज होती, तिथल्या रयतेने बंड करणं कठीण. म्हणून विक्रमने तिथला कर फार जड ठेवला होता. यात मात्र त्याचाच हात होता.

खरा भरमू तरळे साठीला आलेला, डोंगराकडेच्या खडकाळ रानात रताळी लावणारा माणूस. गाव त्याला भरमाप्पा म्हणतं. मळेकोपची लक्ष्मीची यात्रा अठरा वर्षांनी या वैशाखात होणार होती. मागच्या यात्रेला खालच्या गल्लीची पट्टी, म्हणजे घरटी वर्गणी, भरमाप्पानेच गोळा केली होती. त्याची पद्धत गावाला अजून आठवत होती. तो प्रत्येक घरी चहा प्यायचा. ज्याच्याकडे पैसे नसत त्याच्याकडून भात घ्यायचा, नारळ घ्यायचा, जळण घ्यायचा. ते नसेल त्याला मांडवाच्या कामाला बोलवायचा आणि ‘ह्याची पट्टी अंगावर जमा’ म्हणून सगळ्यांसमोर जाहीर करायचा. एकाने गमतीने ‘माझी रताळ्यात घ्या’ म्हटलं, तर ‘तुझी रताळी बारकी असत्यात, दुप्पट घीन’ म्हणाला होता. पट्टी थोडी कमी पडली होती. देवी काही अडून राहिली नाही.

या वेळी पंच कमिटीने शिकलेला माणूस म्हणून विक्रमला घेतलं. कमिटीचे अध्यक्ष आण्णाप्पा चौगुले म्हणाले, “पट्टीचं तू बघ बाबा. आमचा हिशेबाचा लेक्का कायम चुकतोय.”

विक्रमने दिवाळीनंतर दोन रविवार घालवून पट्टी बसवली. सगळ्या घरांना सारखी पट्टी हे त्याला गबाळं वाटलं. त्याने जमीन, नोकरी, गाडी अशा पायऱ्या केल्या. भात-नारळ बंद, फक्त रोख. यात्रेच्या खर्चापेक्षा बरीच जास्त रक्कम त्याने धरली; पुढे कमानीला, सभागृहाला होईल, पडून राहील तर काय वाईट? आणि शेवटी एक कलम घातलं. ज्या गल्लीची पट्टी कमी पडेल, तिथली तूट त्या गल्लीच्या प्रमुखाने स्वतः भरायची.

आण्णाप्पांनी चष्मा काढला. “हे जरा जड न्हाय काय?”

“त्याशिवाय वसुली होत न्हाय, आण्णा. मी बघितलंय.”

कुठे बघितलंय, ते कुणी विचारलं नाही. खालच्या गल्लीचा प्रमुख कोण, यावरही चर्चा झाली नाही. भरमाप्पा तिथे नव्हता; त्याला निरोप गेला. दारोदार फिरायला दुसरा माणूस आहे म्हटल्यावर विक्रमला हलकं वाटलं होतं. ते हलकं वाटणं पुढे त्याला वरचेवर आठवत राहिलं.

पहिल्या महिन्यात भरमाप्पा चहा पीत होता. दुसऱ्या महिन्यात ‘चहा नको, आधी तेवढं बघा’ म्हणू लागला. कमी पडलेलं आपल्या रताळ्यांतून भरावं लागणार, हे त्याने मनात धरलं होतं आणि ते खरंच होतं. संक्रांतीनंतर तो सकाळी माणसं कामावर निघायच्या वेळी गल्लीच्या तोंडाशी उभा राहू लागला. लोक मागच्या बोळातून जाऊ लागले. मग तो बोळाच्या तोंडाशी उभा राहू लागला. विक्रम रोज मोटरसायकलवरून त्याच्या समोरून जायचा. भरमाप्पा हात करायचा, विक्रम हात करायचा. आपल्याला काय दिसतंय हे विक्रमला नेमकं कळत होतं. त्याने हा माणूस पडद्यावर शंभर वेळा पाहिला होता. पट्टीचा कर खाली आणायला अजून वेळ होता. त्याने आणला नाही, कारण जमा रक्कम चांगली दिसत होती.

त्याच सुमाराला खेळातला भरमू शेवटच्या पायरीला पोचला. सूरजने टीव्हीवर वाचलं आणि बाकावरून उठून ओरडला, “भरमाप्पा तिजोरीखाऊ झाला रं!”

खोली हसली. विक्रमही हसला. दुसऱ्या दिवशी तो शब्द हॉटेलात होता, तिसऱ्या दिवशी नळावर. देवळाच्या पेटीत एवढे पैसे साठलेत आणि कमानीची एक वीटही आलेली नाही, हे लोक बघत होतेच. त्यांना फक्त शब्द हवा होता.

मग जयाबाईची गोष्ट झाली. जयाबाई खालच्या गल्लीच्या शेवटच्या घरात राहते. नवरा गेला, मुलगा शामू गोव्यात बेकरीत असतो, तिच्याकडे एक म्हैस. शामू नोकरीला, म्हणून विक्रमच्या पट्टीत ती वरच्या पायरीत बसली. भरमाप्पा तिसऱ्यांदा तिच्या दारात गेला तेव्हा ती म्हणाली, “भाऊजी, मागल्या वक्ताला मी पत्रावळ्या लावून दिल्या व्हत्या. औंदा बी देतो की.”

“औंदा तसलं चालत न्हाय.”

“मग थांबा की जरा. शामू येऊ दे.”

“देवी कुणाच्या घरात फुकट येत न्हाय, वैनी.”

हे वाक्य शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. जयाबाईने दार लावून घेतलं. आठवड्याच्या आत तिने पाळायला ठेवलेलं रेडकू विकलं, पैसे शेजारच्या पोरीच्या हाती पाठवले आणि भरमाप्पाशी बोलणं बंद केलं.

विक्रमला हे रचनाने सांगितलं.

“भरमाप्पा असं बोलला?” तो म्हणाला.

“बोलले. आणि सगळी गल्ली त्यांना बोलतेय.” तिने वही बाजूला ठेवली, म्हणजे विषय मोठा होता. “त्यांच्या तोंडून कोण बोललं, ते कोणी विचारलेलं नाही अजून.”

“मी काय त्यांना सांगितलं होतं असं बोला म्हणून?”

“नाही. तुम्ही फक्त दुसरं काही बोलता येणार नाही अशी सोय केली.”

त्या रविवारी सकाळी भरमाप्पा विक्रमच्या घरी आला. चप्पल बाहेर काढली, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“इक्रम, तुझ्या त्या खेळात मी हाय म्हणं?”

“हाय आप्पा. नुसतं नाव.”

“दाव की.”

नाही म्हणायला विक्रमकडे कारण नव्हतं. मंडळातला डाव त्याने घरच्या संगणकावरही उतरवून घेतला होता. त्याने बेळगाव उघडलं. कोटाच्या चित्राशेजारी दाढीवाल्या माणसाचा चेहरा आणि खाली नाव: भरमू. त्याखाली बिरुदं. भरमाप्पाने डोळे बारीक करून एकेक अक्षर लावत वाचलं. कडक. दगडाच्या काळजाचा. तिजोरीखाऊ.

“ह्यानं खाल्लं काय खरं?”

“तसं न्हाय आप्पा. कर जड ठेवला आणि खजिना भरलेला राहिला की खेळ आपोआप असं करतो. कुणालाही करतो.”

“कर कुणी जड ठेवला? ह्यानं?”

“न्हाय. मी.”

भरमाप्पा पडद्याकडेच बघत होता. “मग तुझं नाव कुठं हाय ह्यात?”

विक्रमने उगीच माउस हलवला. नकाशा इकडून तिकडे सरकला. निपाणी आली, संकेश्वर आलं, पुन्हा बेळगाव आलं.

“माझं नाव येत न्हाय आप्पा. खेळणाऱ्याचं नसतं.”

“आसं हाय व्हय.” भरमाप्पा उठला, टोपी डोक्यावर घातली. “मी निपाणीला लेकीकडं चाललोय. यात्रा झाल्यावर येतो. पट्टीचं सगळं आण्णाप्पाकडं दिलंय, एक रुपाया कमी न्हाय. सांग पोरास्नी.”

“पण आप्पा, होन्नाटाला?”

होन्नाट म्हणजे देवीला खांद्यावर घेऊन गावातून नाचवत नेतात तो दिवस. भंडाऱ्याने गाव पिवळं होतं. देवीचा पहिला खांदा तरळ्यांच्या घराचा. मागच्या यात्रेला तो भरमाप्पाच्या वडिलांनी दिला होता. ते गेले तेव्हा ‘पुढच्याला तू’ एवढंच बोलून गेले. अठरा वर्षं भरमाप्पा या एका दिवसाची वाट बघत होता. पुढची यात्रा कधी येईल, ती बघायला तो असेल की नाही, कोण जाणे.

“तिजोरीखाऊच्या खांद्यावर देवी बसवत्यात काय?” भरमाप्पा म्हणाला. आवाजात राग नव्हता. तो चप्पल घालून गेला.

त्या दिवसापासून विक्रमला जेवण गोड लागेना. आधी त्याने आपल्याला माहीत असलेल्या जागी उपाय केला. खेळात बेळगावचा कर हलका केला आणि एकामागून एक चाली केल्या. खजिन्यातला पैसा रस्त्यांवर, बाजारपेठेवर उधळला. रयत खूश झाली, कोटावर झेंडे लागले. भरमूच्या नावाखालचं एकही बिरुद उतरलं नाही. हे असंच होणार, हेही विक्रमला माहीत होतं. तरी तो चाली करत राहिला, आणि शेवटी खेळातला भरमू म्हातारा होऊन त्याच तीन बिरुदांसकट मेला. यादीत दुसरं नाव वर आलं. विक्रमने संगणक बंद केला.

कमिटीची बैठक देवळाच्या ओट्यावर होती. विक्रमने बोलायचं ठरवलं होतं, पण उभा राहिल्यावर तोंडातून निघालं ते भलतंच.

“आण्णा, पट्टीचा दर जरा जास्त ठरला गेला, असं वाटतंय.”

“ठरला गेला म्हंजे?” आण्णाप्पा म्हणाले. “वरनं पडला काय?”

कोपऱ्यात कुणीतरी हसलं. विक्रमला पाठ फिरवून निघून जावंसं वाटलं. विळा मागायला गेल्यावर वाटायचं तसंच.

“मी ठरवला. लागतो त्यापेक्षा जास्त धरला. कमी पडलं तर प्रमुखानं भरायचं, हे कलम माझं. जयावैनींना वरच्या पायरीत मी घातलं. भरमाप्पा बोलला ते त्या कलमामुळं बोलला. आणि तो तिजोरीखाऊ शब्द बी माझाच.”

विक्रम शिव्यांची वाट बघत होता. आण्णाप्पांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “बघा, ह्याला म्हणत्यात शिकलेला माणूस. चूक झाली तर उभा राहून सांगतोय.”

“व्हय, मोठेपणा लागतो त्याला,” जोतिबा म्हणाला.

कलम तिथेच काढलं गेलं. जास्तीची रक्कम घरटी परत करायची ठरली. उठताना दोघातिघांनी विक्रमच्या पाठीवर थाप मारली. सूरज म्हणाला, “दादा, तू खरा दिलदार.” विक्रम घरी आला आणि न जेवता झोपायला गेला. त्याने कबूल केलं त्याचंही बिरुद त्यालाच मिळालं होतं. निपाणीत बसलेल्या माणसाचं नाव बैठकीत एकदाच निघालं होतं, तेही विक्रमच्याच तोंडून.

पुढच्या रविवारी तो मोटरसायकल घेऊन निपाणीला गेला. भरमाप्पाची लेक बेबी तंबाखूच्या वखारीमागच्या गल्लीत राहते. भरमाप्पा दारात बसून जावयाच्या सायकलची चेन बसवत होता. हात काळे झाले होते. विक्रमने बैठकीची हकीकत सांगितली. दर उतरला, कलम गेलं, पैसे परत जाणार.

“बरं केलास,” भरमाप्पा चेनकडे बघत म्हणाला. “दर उतरवलास. माझं काय उतरवलंस?”

विक्रम त्याच्या शेजारी खाली बसला.

“तू म्हणतोस, कलमानं बोलला. मला बी वाटलं, आसंल. हितं चार दिवस बसून इच्चार केला. इक्रम, कलम तुझं, पर त्या दिवशी मला बोलाय बरं वाटलं. लोकं घाबराय लागल्याली बरं वाटलं मला. ते आता जाणार कुठं?” त्याने पेडल फिरवून बघितलं. “आधी मी तसा न्हवतो रं.”

“माहीत हाय, आप्पा.”

“तुला माहीत हाय. आणि तरी रोज हात करून जात व्हतास.”

बेबीने चहा आणला. विक्रमने तो संपवला. निघताना भरमाप्पा म्हणाला, “पैसे परत द्यायला कोण फिरणार?”

“ठरायचंय.”

“मी येतो. तू संगं. दारात हाक तू मारायची, बोलायचं तू, पैसे हातात द्यायचे तू. मी मागं उभा राहणार. जयावैनीचं दार शेवटाला ठेवू. खांदा द्यायचा का न्हाय, ते तिच्या दारात ठरंल. कमिटीत न्हाय.”

खालच्या गल्लीतलं पहिलं दार सूरजचंच होतं. विक्रमने हाक मारली ती त्याची त्यालाच ऐकू आली नाही.

“घरात ऐकू जाऊ दे की,” मागून भरमाप्पा म्हणाला. “देवाला नवस बोलायलास काय?”

हाक मारणं, थांबणं, कुणीतरी ओले हात पुसत बाहेर येणं, ‘का आलासा’ असं बघणं. पैसे परत देतानाही ते बघणं चुकत नव्हतं. पैसे घेणारेही आधी संशयाने घेत होते. एका म्हातारीने विचारलं, “परत कशाला? पुन्ना दुसऱ्या नावानं मागणार व्हय?” सूरजने पैसे घेतले आणि भरमाप्पाच्या पायाकडे बघत उभा राहिला. “आप्पा, गमतीत म्हटलं व्हतं,” असं पुटपुटला. भरमाप्पा म्हणाला, “लई हसलास त्या दिवशी. ऐकलोय मी,” आणि पुढे चालू लागला. दहाबारा दारं झाल्यावर विक्रमचे पाय दुखत होते आणि डोकं तापलं होतं. माणसं वेळ लावत होती, प्रश्न विचारत होती. संध्याकाळच्या आत संपवायचं होतं.

जयाबाई म्हशीला वैरण टाकत होती. विक्रमने हाक मारली, कशासाठी आलोय ते सांगितलं, पैसे पुढे केले. तिने पदराला हात पुसले, पण पुढे केले नाहीत.

“मला नगो.”

“वैनी, तुमचेच हायत.”

“रेडकू गेलं. पैशाला काय दूध हाय? ठेवा देवीला.”

“देवीला नको हायत.”

“मला बी नगोत.”

“घ्या की वैनी,” विक्रमचा आवाज चढला, “तुमच्या एका घरासाठी मी किती वेळ उभा राहायचं दारात?”

शेजारच्या घरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. विक्रमने स्वतःचा आवाज ऐकला. तो कुणाचा आवाज आहे हे ओळखायला त्याला वेळ लागला नाही. त्याच्यावर कसलं कलम नव्हतं, कुणाची तूट नव्हती. तसं बोलायला एका दुपारची दारं पुरली होती. त्याने मागे बघितलं. भरमाप्पा त्याच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात चिडवणं नव्हतं.

“हळू,” भरमाप्पा म्हणाला. “दार हाय ते.”

मग तो पुढे झाला. टोपी काढली आणि जयाबाईसमोर उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने निपाणीहून ठरवून आणलं असावं, पण ते काही त्याला आठवलं नाही.

“वैनी, मी बोललो ते मीच बोललो,” एवढंच म्हणाला. “ह्याच्यावर घालत न्हाय.”

जयाबाई वैरणीची पेंढी हातात धरून उभी होती. मग ती आत गेली. विक्रमला वाटलं दार लागणार. ती तांब्या घेऊन बाहेर आली आणि भरमाप्पाच्या हातात दिला. भरमाप्पाने वरून धार धरून पाणी प्यायलं. तिने तांब्या परत घेतला, विक्रमच्या हातातले पैसे घेतले, न मोजता कमरेला खोवले.

“भाऊजी, खांद्यावर टावेल जाड घ्या,” ती म्हणाली. “मागल्या वक्ताला तुमच्या वडलांचा खांदा सोलून निघाला व्हता. देवी जड असती.”

भरमाप्पाने मान हलवली. जयाबाई म्हशीकडे वळली. विक्रमकडे तिने बघितलं नाही, आणि तिने बघावं असं काही त्याने केलंही नव्हतं.

दोघे गल्लीतून परत निघाले. भरमाप्पा पुढे, विक्रम मागे. देवळाजवळ मंडळाच्या खोलीतून खेळाचे नगारे ऐकू येत होते. कुणीतरी नवा डाव लावला होता.

“त्या यादीत माझं नाव हाय काय अजून?” भरमाप्पाने विचारलं.

“काढतो आज.”

“नगो काढू.” तो खांदा चाचपत चालला होता, टॉवेलची जागा बघत असल्यासारखा. “तुझं घाल. माझ्या शेजारी.”

विक्रमने घातलं. खेळ नाव कधी उचलेल, कोणत्या शहरावर बसवेल, हे त्याच्या हातात नाही. कर कुणीतरी दुसराच ठरवेल. होन्नाटाच्या दिवशी भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यात भरमाप्पाने पहिला खांदा दिला तेव्हा विक्रम गर्दीच्या कडेला उभा होता. लोक त्याच्याही कपाळाला भंडारा लावत होते, पाठीवर थापा मारत होते. समोर जयाबाई होती. तिच्या हातात ओटी होती आणि देवी तिच्या दाराकडे येत होती. विक्रमने थापा चुकवत एक पाऊल मागे घेतलं आणि तिला दिसणार नाही असा तो लोकांच्या खांद्यांआड झाला.